कडा रिकामा

ज्या वर्षी सोमा लांघींच्या धाकट्या मुलीचं, रखमाचं, लग्न ठरलं आणि पत्रिकेत वडिलांच्या नावाआधी 'कै.' छापावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पत्रिका छापून गावात आल्या आणि त्याच आठवड्यात सोमा लांघी सोनजाईच्या कड्यावर चढताना दिसले.

दिसले म्हणजे डोळ्यांना दिसले नाहीत. पडद्यावर दिसले.

सोनजाई अभयारण्यात कड्याच्या पश्चिम पायथ्याला वनखात्याचं कडा-केंद्र होतं. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या आणि आतल्या खोलीत भिंतभर पडदा. पडद्यावर कड्याचं चित्र. कड्यावर माणसाचा हात किंवा पाय लागला की चित्रात त्या जागी हिरवा ठिपका उमटायचा आणि शेजारी त्या माणसाचं नाव यायचं. कुणीच नसलं की तळाशी एक ओळ दिसायची, 'कडा रिकामा आहे'. मार्गशीर्षापासून तीच ओळ होती. बंदीचा काळ चालू होता.

शून्य सावलीचा दिवस नुकताच होऊन गेला होता. शाळेतल्या मुलांनी अंगणात काठी रोवून तिची सावली नाहीशी होताना पाहिली होती. त्यानंतर तीन-चार दिवसांनी, भर दुपारी, तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. वसुधा खैरमोडे केंद्रात डबा उघडून बसल्या होत्या. घास हातात असताना पडद्यावर ठिपका उमटला. उत्तरेच्या कपारीत, अगदी तळाशी. शेजारी नाव आलं, 'सोमा हरी लांघी'.

थोड्या वेळानं ठिपका गेला. कडा पुन्हा रिकामा झाला.

वसुधाबाईंनी वनक्षेत्रपाल हनमंत गुरसाळे यांना बोलावून घेतलं. गुरसाळ्यांनी नोंद दोनदा पाहिली.

"मॅडम, हा आपला सोमा?"

"ठसा त्यांचाच आहे."

"सोमा गेला की हो. दहाव्याला मी होतो. कावळा लगेच शिवला."

"कावळ्याचं मला माहीत नाही, गुरसाळे. यंत्राचं माहीत आहे. आणि यंत्र म्हणतंय, सोमा कपारीत आहेत."



सोनजाईचा कडा म्हणजे चढाई करणाऱ्यांचं वेड. पूर्वी सुट्टीच्या दिवशी कड्यावर जत्रा भरायची. लोक मेखा ठोकायचे, दोर सोडून जायचे, आरोळ्या द्यायचे. त्याच कड्याच्या कपारींत लांब चोचीची गिधाडं घरटी करायची. माणूस जवळ आला की पक्षी अंड्यावरून उठायचा, अंडं गार पडायचं आणि त्या जोडीचं ते वर्ष फुकट जायचं, कारण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. चढाई कायमची बंद करा, असं बरेच जण म्हणत होते. खात्यानं तसं केलं नाही. माणसं परवान्यावर मोजून सोडायची, कातळात मेख ठोकायची नाही, ओरडायचं नाही, आणि मार्गशीर्षापासून पिल्लं उडेपर्यंत कडा पक्ष्यांचा, असं ठरलं.

हे नियम करायला गावाच्या वतीनं सोमा लांघी बसले होते. लहानपणापासून ते त्या कड्यावर वाढले होते. पुढे खात्यानं त्यांनाच कड्याचे राखणदार नेमलं.

पण नियम पाळले जातात की नाही, हे कळायचं कसं? उडती यंत्रं फिरवली की गिधाडं बिथरत. म्हणून वसुधाबाईंनी स्पर्शलेप तयार केला. मागच्या पावसाळ्यानंतर तो सगळ्या कड्यावर वरून फवारला. डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ. त्यात बारीक स्मृतिकण असतात. भार पडला की कणाची घडण बदलते आणि तेवढा भार त्याच्यात ठसतो. पुन्हा भार पडला की आधीच्यावर दुसरा थर बसतो. प्रत्येक माणसाची हातापायांवर भार टाकायची तऱ्हा वेगळी असते, आवाजासारखी. तिला त्यांनी चढणठसा असं नाव दिलं होतं. त्यावरून कडा माणूस ओळखायचा.

एक प्रश्न उरला होता. पूर्वी दिवस मावळताना एकजण पायथ्याला उभा राहून कुकारा द्यायचा. वर जे कुणी असतील त्यांनी उलट कुकारा द्यायचा. कुणाचा आला नाही तर शोधायला निघायचं. आता ओरडायलाच बंदी होती. त्यावर तोड सोमांनीच काढली. दिवस मावळताना कड्यावर जो असेल त्यानं उघड्या तळव्यानं कातळावर दोन थापा मारायच्या. अर्थ एकच, मी आहे. केंद्रातल्या पडद्यावर दोन गोल वर्तुळं उमटायची. सगळ्यांना ही पद्धत आवडली. आवाज नाही, काही नाही, आणि माणूस मोजला जातो.

चंपाषष्ठीला बंदी सुरू व्हायची होती. त्या दिवशी सोमा एकटेच शेवटच्या फेरीला गेले. कुणाचा दोर, कुणाची कडी राहिली असेल तर काढून आणायची, एवढंच काम. ऊन कलताना त्यांचा ठिपका पश्चिमेच्या भिंतीवर अगदी वर, उत्तरेकडे वळणाऱ्या खांद्यापाशी होता. तिथे दोन्ही हातांचा भार एकदम सुटला. पुन्हा कुठेच ठिपका उमटला नाही. पडद्यावर ओळ आली, 'कडा रिकामा आहे'.

भिंतीखालच्या डोहात त्यांचं हेल्मेट सापडलं. पाणबुडे आणले, गळ टाकले, पण शरीर मिळालं नाही. कड्यावर जायचं कुणाच्या मनातच आलं नाही. बंदीत कड्यावर पाऊल ठेवायचं तर आधी कड्यानं माणूस दाखवायला हवा, असा नियमच होता, आणि कड्यानं तर रिकामा म्हणून सांगितलं होतं. चौथ्या दिवशी शोध थांबला. दर्भाचा पुतळा करून गावानं अग्नी दिला. चंपाषष्ठीपासून धरून दहावं पौर्णिमेला आलं, दत्तजयंतीला.

"म्हणूनच म्हणतो," त्या दुपारी पडद्यासमोर गुरसाळे म्हणाले, "लेप बिघडला असेल."

"असेल. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठिपका पुन्हा आला. आदल्या दिवसापेक्षा थोडा वर.

असल्या गोष्टी केंद्रात राहत नाहीत. तिसऱ्या दिवशी सोमांची बायको हौसाबाई आणि रखमा दारात उभ्या राहिल्या. हौसाबाईंच्या हातात पत्रिकांचं पुडकं होतं. निम्म्या वाटून झाल्या होत्या, उरलेल्या घेऊन तशाच वळून आल्या होत्या.

"म्याडम, लोकं म्हणत्यात रखमाचा बा कड्याव हाये. खरं का?"

"पडद्यावर त्यांचा ठसा येतोय. रोज दुपारी. त्याचा अर्थ मला लागलेला नाही."

"अर्थ ऱ्हाऊ द्या. मला येवढंच सांगा, मी कुंकू लावू का नको?"



गुरसाळे म्हणाले, "वहिनी, घाई नको. यंत्राची चूक असू शकती."

"सायब, कडा रिकामा झाला म्हणून तुमीच सांगत आला व्हता ना माझ्या दारात? तवा नाय म्हणला, यंत्राची चूक आसंल म्हणून. तवा मी पुसलं. आता त्योच कडा हाये म्हणतो. रडायच्या टायमाला खरा आन् हसायच्या टायमाला खोटा, आसं कसं?"



रखमा मघापासून पडद्याकडे बघत होती. बापामागून तीही त्या कड्यावर चढायला शिकली होती. "म्याडम, दुपारी का पण?" तिनं विचारलं. "बा कधी दुपारचा चढत नव्हता. दुपारी कड्याव जाणारा येडा, म्हणायचा. पहाटंच निघायचा."

"तेच मला कळत नाही. दुपारी अर्धा तास दिसतात, मग नाहीसे होतात. दुसऱ्या दिवशी तिथूनच थोडं वर. आणि आणखी एक आहे." वसुधाबाईंनी नोंद मोठी करून दाखवली. "डाव्या पायाचा भारच नाही. कुठेही नाही. एका पायावर चढतायत."

"पाय मोडला आसंल," हौसाबाई लगेच म्हणाल्या.

"आणि भार चढणाऱ्या माणसासारखा नाही. हात आधी ताणले जातात, पाय मागून चाचपतो. उतरणारा माणूस असं करतो. पण ठिपका तर रोज वर सरकतोय."

"उतरतोय आन् वर चाललाय?" रखमा म्हणाली.

"हो."

कुणालाच काही कळेना. हौसाबाईंना त्यातलं एकच कळलं होतं. घरी जाऊन त्यांनी फडताळातली कुंकवाची डबी काढली आणि आरशात न बघताच कुंकू लावलं. मग पत्रिका पुढ्यात घेऊन बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"रखमे, ह्यातलं मेल्याचं अक्षर कुठलं?"

रखमानं बोट ठेवून दाखवलं. हौसाबाईंनी पेन घेतलं आणि एकेका पत्रिकेवरचं 'कै.' खोडायला सुरुवात केली. पेन दाबून धरल्यामुळे काही पत्रिका त्या जागी फाटल्या.

गावात दोन तट पडले. मारुतीच्या देवळापुढे दुपारभर तेवढंच चालायचं.

"पोरीच्या लग्नाच्या जेवणावळीला भिऊन कपारीत बसलाय सोमा."

"सा महिने खाल्लं काय पर त्यानं?"

"गिधाडांनी पोसला आसंल. जलमभर त्यांचंच तर करत आला."

यावर हसणं झालं. पण नवऱ्याकडच्यांना हसू येत नव्हतं. व्याह्यांचा निरोप आला, 'मुलीचा बाप आहे की नाही ते एकदा ठरवा, मग हळद लावू. दोन्ही एकदम चालणार नाही.' आईनं कुंकू लावलेलं आणि वर्षश्राद्धाच्या आत लग्न म्हणून तिथी अलीकडे धरलेली, अशी ती अडचण होती. रखमानं सांगून टाकलं, "बा जित्ता आसंल तर त्याच्याबिगार मी पाटाव उभी ऱ्हाणार नाय. त्याला आणा, नाय तर नाय म्हणून सांगा."

वरच्या कार्यालयाचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. मयत माणसाचा ठसा उमटणं हा यंत्रदोष समजावा, त्यावरून बंदी मोडू नये. उशिरा झालेली दोन पिल्लं अजून घरट्यात होती. त्यातलं एक घरटं उत्तरेच्या कपारीपासून फार लांब नव्हतं. पंख पुरते भरायच्या आत पिल्लू दचकलं तर ते उडी टाकतं आणि खाली जातं.

ठिपका अजून वर सरकला होता. कपारीच्या मध्यावर कातळाचा एक ओटा होता, तिथवर जेमतेम माणसाच्या उंचीइतकं अंतर राहिलं होतं. समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून दुर्बिणीनं पाहिलं तर कपारीची भिंत दिसायची. माणूस काही दिसत नव्हता. ओट्याच्या तोंडाशी कातळाचा उंच काठ होता आणि त्यावर कारवीची झुडपं, त्यामुळे ओट्यावर काय आहे ते कळत नव्हतं.

"मी रखमाला वरून सोडतो," गुरसाळे म्हणाले. "कड्यानं माणूस दाखवला तर जायचं, असा नियम आहे. कड्यानं दाखवलाय. जिवंत की मयत, असं काही नियमात लिहिलेलं नाही."

"आणि पिल्लू पडलं तर?"

"तर माझी बदली होईल. माणूस असला आणि आपण गेलो नाही, तर काय होईल ते सांगा."

पाचव्या दिवशी सकाळी दोन वनरक्षक दोर घेऊन माथ्यावर गेले. रखमा त्यांच्याबरोबर होती. तिनं भगव्या रंगाचा सदरा घातला होता, लांबून दिसावा म्हणून. गुरसाळे, वसुधाबाई आणि हौसाबाई समोरच्या सोंडेवर बसले. वसुधाबाईंनी लहान पडदा आणून दगडावर टेकवला. हौसाबाईंनी फडक्यात भाकरी बांधून आणली होती. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

सूर्य डोक्यावर आला. माणसांच्या सावल्या पायाखाली गेल्या. उत्तरेची कपार दोन खांद्यांच्या मधे खोल गेलेली होती. वर कातळाची भुवई पुढे आलेली. वर्षभर तिथे ऊन नसायचंच, कातळ ओला आणि काळा. आता मात्र कपारीच्या तळापासून ओट्यापर्यंत पिवळा पट्टा उजळला. वसुधाबाईंनी तो पाहिला, पण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

ठिपका आला. या वेळी ओट्यावर. आणि लगेच दोन गोल वर्तुळं.

"थाप!" हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. "त्यांचीच थाप. हाये म्हणतोय! सायब, हाये म्हणतोय! हाक मारू का मी?"

"नको वहिनी. पिल्लं आहेत. खाली बसा."

हौसाबाईंनी पदर तोंडात धरला आणि बसल्या. नवऱ्यानं केलेला नियम होता.

आणखी दोन वर्तुळं आली. मग आणखी दोन. सगळी एकाच जागी, एकामागून एक.

"एवढ्या कशाला मारतोय?" गुरसाळे पुटपुटले. "आणि ही काय दिवस मावळायची वेळ आहे?"

थापा थांबल्या. थोड्या वेळानं ठिपका रोजच्यासारखा नाहीसा झाला. कपारीतला पिवळा पट्टाही विझत गेला. तेवढ्यात पश्चिमेच्या खांद्यावर नवीन ठिपका उमटला, 'रखमा सोमा लांघी'. ती उतरत होती. ठिपका खांद्यावरून सरकत कपारीच्या कडेला आला, वळला आणि गेला.

पडद्यावर ओळ आली, 'कडा रिकामा आहे'.

गुरसाळे ताडकन उठले. "पडली!"

वसुधाबाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. कपारीच्या सावलीत भगवा सदरा स्पष्ट दिसत होता. रखमा दोराला लोंबत होती, दोन्ही तळवे कातळावर टेकलेले, पाय भिंतीला. वसुधाबाईंनी दुर्बीण खाली घेऊन पडद्याकडे पाहिलं. 'कडा रिकामा आहे'. पुन्हा दुर्बीण लावली. रखमानं एक हात पुढे टाकला, पाय खाली घेतला.

त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली.

"मॅडम, पोरगी कुठाय?"

"आहे. समोर. बघा."

गुरसाळ्यांनी पाहिलं. "मग पडदा रिकामा का म्हणतोय?"

"कारण तिथे ऊन नाही." त्या सावकाश बोलत होत्या, जणू स्वतःलाच समजावत होत्या. "लेपाला बॅटरी नाही. कातळाच्या उबेवर तो चालतो. पश्चिमेची भिंत रोज तापते, रात्रभर कोमट राहते, म्हणून तिथला कण तिथल्या तिथे निरोप धाडतो. या कपारीत वर्षभर ऊन शिरत नाही. म्हणून मी समजत होते की इथले कण निकामी आहेत. इथून चढायची वाट नाही, परवाना नाही, तपासायची गरजच वाटली नाही."

"म्हणजे बंद आहेत?"

"बंद नाहीत. भार ठसायला ऊब लागत नाही, गुरसाळे. सांगायला लागते. इथले कण सगळं ऐकत होते आणि गप्प होते."

"मग आता बोलतायत ते?"

"शून्य सावलीचा दिवस झाला की सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो. भुवईच्या आत ऊन शिरायला वर्षातले तेवढेच दिवस. आधी तळाला लागतं, मग रोज थोडं वर. जिथे ऊन पोचलं तिथला कण बोलला. वर चढत होतं ते ऊन. सोमा नव्हते."

गुरसाळे पुन्हा कपारीकडे वळले. मग म्हणाले, "उतरणाऱ्याचा भार होता, म्हणालात तुम्ही."

"ओट्यावरून खाली उतरायला बघत होते. पाय मोडलेला. जमलं नसेल, परत ओट्यावर गेले असतील. कपारीचा खालचा भाग आधी तापला, ओटा शेवटी. म्हणून आपल्याला उलटं दिसलं."

"पण वेळ तर आजची दिसते."

"कणाला वेळ कळत नाही. निरोप केंद्रात पोचला की केंद्र त्यावर वेळ घालतं. ती पोचल्याची वेळ."

हौसाबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांना ऊन आणि कण किती कळले कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "म्याडम, मघाच्या थापा कवाच्या?"

वसुधाबाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं नाही. "मार्गशीर्षातल्या, हौसाबाई. डोहात नुसतं हेल्मेट गेलं, ते पडलेच नव्हते. खांद्यावरून सुटले ते दोरासकट या कपारीत येऊन ओट्यावर पडले."

"किती हायेत?"

"अकरा वेळा मारल्यात."

"रोज सांजंला एकदाच मारायची आसती ती."

"हो."

हौसाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला आणि चंपाषष्ठीपासून मोजायला लागल्या. ओठ हलत होते. पौर्णिमा आली तेव्हा दहा पेरं झाली. मग अंगठा अजून एका पेरावर सरकला आणि तिथेच राहिला.

"दहाव्याच्या सांजंला पण मारली त्यांनी," त्या म्हणाल्या. "आमी पिंड ठिवून घरी आलो आन् त्यांनी थाप मारली. दुसऱ्या दिशी पण मारली. कावळा शिवला व्हता ओ सायब. कसा काय शिवला?"



"गप्प राहायला नको होतं त्यानं," गुरसाळे म्हणाले. "ओरडायचं ना. एवढा मोठा घसा होता सोमाचा."

"अंडी व्हती तवा," हौसाबाई म्हणाल्या. "नसंल वरडला. थाप पोचली आसं वाटलं आसंल त्याला. रोज वाटलं आसंल, पोचली, आता येतील."

समोर रखमा ओट्यावर उतरली. कारवीच्या झुडपांमागे दिसेनाशी झाली. बराच वेळ दोर तसाच ताठ होता. मग ती काठावर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. दोन्ही हात वर करून तिनं जोडले. सोंडेवरच्या तिघांना कळलं.

ओट्यावर हाडं होती, स्वच्छ झालेली. डाव्या पायाचं नळीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. कातळातून पाणी झिरपत होतं, त्याखाली मूठभर शेवाळ काढून खळगा केलेला होता. दोराची वेटोळी नीट घालून ठेवली होती. कुणीतरी विसरलेल्या तीन कड्या दोरात ओवून बाजूला ठेवल्या होत्या. तेवढंच काम होतं त्या दिवशी, आणि ते झालं होतं. कपारीशेजारच्या घरट्यातलं पिल्लू जागचं हललं नाही.

हाडं खाली आणली. गावच्या बायकांनी रीतीप्रमाणे हौसाबाईंना घेरलं आणि एकीनं त्यांच्या कपाळाकडे हात नेला. हौसाबाईंनी तो धरला.

"थांब गं. मागल्या टायमाला दहाव्यालाच, दोन दिस आधी पुसलंय. ते दोन दिस ऱ्हाऊ दे मला."

बायका गोंधळल्या. असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पण हिशेब चुकीचा आहे, असंही कुणाला म्हणता येईना. हौसाबाईंनी दोन दिवस कुंकू ठेवलं, तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पुसलं.

रखमाचं लग्न पुढच्या मार्गशीर्षात झालं. पत्रिका पुन्हा छापल्या नाहीत. 'कै.' खोडलेल्या जुन्या पत्रिकांवरच तारीख बदलून त्या वाटल्या. ज्यांना दोन्ही वेळा आल्या, त्यांना बाप आहे की नाही ते पत्रिकेवरून कळलं नाही.

रखमा ओट्यावर उतरली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वसुधाबाई केंद्रात एकट्या होत्या. रखमा घरी मर्तिकाला आलेल्यांना पाणी देत होती, हे त्यांना माहीत होतं. तरी ठरल्या वेळी पडद्यावर ठिपका उमटला, 'रखमा सोमा लांघी'. तो ओट्यावर होता, थांबून थांबून हलत होता. शेवटी, वडिलांच्या जागेला लागूनच, दोन गोल वर्तुळं आली. त्या थापा आदल्या दिवसाच्या होत्या. वसुधाबाईंनी पडदा बंद केला नाही. ऊन सरकेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.

त्या वर्षापासून सोनजाईला एक नियम वाढला. बंदी सुरू व्हायच्या संध्याकाळी पायथ्याच्या चारी बाजूंना एकेक माणूस उभा राहतो आणि पोटातून कुकारा देतो. गिधाडं दचकून उठतात, एक घिरटी घेतात आणि परत बसतात. मग माणसं कान देऊन थांबतात. उलट कुकारा आला नाही तरी लगेच निघत नाहीत.

सोमा हरी लांघी चंपाषष्ठीला वारले, अशी आधी नोंद होती. ते मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला, स्वतःच्या दहाव्यानंतर दोन दिवसांनी, उत्तरेच्या कपारीतल्या ओट्यावर वारले.